कानातला रातकिडा

गालफुगी म्हणजे पोरांचे दुखणे, असे आपण म्हणतो. मोठेपणी ती आम्हांस इंग्लंडात झाली आणि आमचा डावा कान घेऊन गेली. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मागे उरली ती किरकिर. अलिबागच्या पावसाळी रातकिड्यासारखी, पण बाराही महिने.

एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही. मलिद्याला चार घरची माणसे जमतात, गप्पा रंगतात, आणि आम्ही नुसती मान डोलावतो. या देशात मराठी आधीच क्वचित कानी पडते. तीच निसटावी, याचे दुःख मोठे.

खासदार जॅक अ‍ॅश्ली १९६७ साली पूर्ण बहिरे झाले, तरी ओठांवरून बोलणे ओळखीत १९९२ पर्यंत खासदार राहिले. आम्हीही आता उजवा कान मंडळींकडे करून बसतो. रात्री रेडिओ हळू चालू ठेवतो, कारण शांततेत किरकिर वाढते.

वाचकहो, एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मुलांना एम.एम.आर. लस जरूर टोचवा. ती इथे १९८८ पासून मिळते. आणि घरात कोणी बहिरे असेल, तर तेच वाक्य न कंटाळता पुन्हा बोला.