महिनाभर पुढची

वऱ्हाडातल्या मुलीला गर्भारपणाची पहिली वार्ता कळते ती कोणा वडीलधाऱ्या स्त्रीच्या मुखातून नव्हे, तर भुलाबाईच्या गाण्यांतून. भाद्रपदी पौर्णिमेस भुलाबाई आणि भुलोजी यांची मातीची मूर्ती बसवावयाची, आणि कोजागिरीपर्यंतचा सारा महिना, दिवेलागणीनंतर घरोघर हिंडून, टिपऱ्यांच्या ठेक्यावर त्या माहेरवाशिणीचे डोहाळे, तिचे बाळंतपण आणि तिच्या बाळाचे कौतुक इतक्या तपशिलाने गावयाचे, की नऊदहा वर्षांच्या पोरीला बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचा क्रम मुखोद्गत असावा आणि त्याचे प्रयोजन मात्र तिला यत्किंचितही ठाऊक नसावे, अशी आमच्या मुलखाची जुनी वहिवाट आहे. दर्यापूरकडच्या आमच्या गावी मीही ती गाणी कंठशोष होईपर्यंत गाइली. परंतु खरे सांगावयाचे तर आम्हां मुलींचे सारे अवधान शेवटी डब्यात झाकून आणलेली खिरापत ओळखण्याकडेच असे.

गाण्यात जे उघड होते ते घरात मात्र झाकलेले. माजघरात चार बायका हलक्या आवाजात बोलत बसलेल्या असाव्यात, त्यांतल्या एकीने पदर पोटावर ओढून घेतलेला असावा, आणि आम्ही दारात पाऊल टाकताच विषय पालटून सरकीच्या भावावर किंवा विहिरीच्या पाण्यावर यावा, असे अनेकदा घडे. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी मचूळ, प्यायचे पाणी लांबून आणावयाचे. त्यामुळे पाण्याचा विषय केव्हाही काढला तरी तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नसे, एवढी सोय त्या बायकांना होती.

पुढे लग्न होऊन अकोल्यास आले आणि सत्तरच्या दशकात मला दिवस गेले, तेव्हा तेच माजघर मला एकाएकी खुले झाले. ग्रहणात विळीस हात लावू नये, पपई खाऊ नये, तिन्हीसांजेस उंबरठ्यावर बसू नये, भरल्या घरातून रिकाम्या हाताने निघू नये, अशी फर्माने रोज सुटत. ती काढणाऱ्या सासूबाई, चुलतसासूबाई, शेजारच्या आजी या सर्वजणी मायाळू होत्या याविषयी मला शंका नाही. पण मला लवकरच जाणवले ते हे, की बाळंतपणाला वीस-तीस वर्षे लोटली म्हणजे स्त्रीच्या स्मृतीतून त्यातील मळमळ, पायांवरची सूज, रात्री कुशीवर वळतानाची धास्ती ही सारी हकीकत गळून जाते आणि नियम तेवढे शिल्लक राहतात. मला हवी होती ती हकीकत. ती मिळाली लेडी हार्डिंगच्या बाकावर.

अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयास सारे गाव अद्याप ‘लेडी हार्डिंग’ म्हणते, आणि अमरावतीच्या स्त्री रुग्णालयास ‘डफरीन’. दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रियांकडूनच उपचार मिळावेत म्हणून लेडी डफरीन यांनी १८८५ साली निधी उभारला, हा इतिहास शाळेच्या पुस्तकात असो वा नसो. पण ज्या विलायती सरदारपत्नींनी वऱ्हाडची उन्हे बहुधा कधी सोसली नसतील त्यांची नावे आमच्या गावोगावच्या पोटुशा बायांच्या तोंडी इतकी रुळली, की ‘डफरीनले नाव घातलं का?’ हा प्रश्न कुशल विचारण्याचाच एक प्रकार होऊन बसला.

त्या बाकावर माझ्या शेजारी मूर्तिजापूरकडची एक बाई बसत असे. तिचा महिना माझ्यापेक्षा एकाने पुढे. ती शिकलेली नव्हती, तिची जात मी विचारली नाही आणि तिनेही माझी विचारली नाही, जी गोष्ट त्या काळी अन्य कोठल्याही ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत उरकली गेली असती. तपासणीनंतर मिळालेल्या लोहाच्या गोळ्या घेऊ लागताच मला जे दिसले त्याने मी घाबरून गेले होते. घरात तर कोणाला विचारण्याची सोयच नव्हती. तिने माझा चेहरा पाहून आपणच विषय काढला. “गोया घेतल्या का संडास काई होते व, भेऊ नोको. मले बी मांगच्या महिन्यात अस्संच वाटलं होतं. चाहासंगं घेऊ नोको, लिंबाच्या पान्यासंगं घे.” चहाने लोह अंगी लागत नाही आणि लिंबाने लागते, हे शास्त्र तिला कोणी नर्सबाईने सांगितले असेल, परंतु नर्सबाईने ते मलाही सांगितले असणारच, आणि मी ते ऐकले नव्हते. तिच्या तोंडून ऐकले, कारण त्या भीतीचा काळ तिच्यावरून नुकताच उलटला होता.

त्याच बाईने मला दबक्या आवाजात विचारले होते, “तुले माती खावाशी वाटते काय?” वाटत होती. पहिल्या पावसाचा वास आला की भिंतीचा पोपडा काढून तोंडात टाकावा अशी अनिवार इच्छा होई, आणि एका शिकल्या घरच्या सुनेने ती इच्छा बाळगावी याची लाजही वाटे. रक्तातील लोह घटल्याने पुष्कळ स्त्रियांना हा डोहाळा होतो, हे मला फार नंतर समजले. त्याहूनही नंतर ‘रघुवंश’ वाचताना तिसऱ्या सर्गात गर्भिणी राणी सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा गंध येत असल्याचे वर्णन आले, आणि दिलीप राजाची त्या गंधाने तृप्ती होईना असे कवीने म्हटलेले वाचून मला हसू आवरेना. कालिदासाने माती खाणाऱ्या राणीवर शृंगाराचा श्लोक रचला. मूर्तिजापूरच्या बाईने ‘गोया चुकवू नोको’ म्हटले. दोघेही आपापल्या ठिकाणी थोर खरे, पण त्या वेळी मला कालिदासाचा उपयोग नव्हता.

सातव्या महिन्यात माझे डोहाळजेवण झाले. हिरवे लुगडे, फुलांचे दागिने, सजविलेला झोपाळा, झाकलेल्या दोन वाट्यांतील पेढा की बर्फी हे ओळखण्याचा खेळ, सारे यथासांग. त्याची गोडी मी नाकारीत नाही. परंतु ज्या काकूंनी पहाटेपासून खपून तो सर्व स्वयंपाक रांधला त्या निपुत्रिक म्हणून ओटी भरण्याच्या वेळी स्वयंपाकघरातच थांबल्या, आणि एका विधवा आतेसासूबाईंनी तर त्या दिवशी मुद्दामच मंदिरात पुराण ऐकण्यास जाण्याचे ठरविले, हे माझ्या लक्षात आले. त्या दिवशी मला आशीर्वाद देणाऱ्या साऱ्याजणी निवडून घेतलेल्या होत्या. दवाखान्याच्या बाकाला अशी निवड परवडत नाही. तेथे पहिले मूल गेलेली, तीन मुलींवर चौथ्यांदा आलेली, नवऱ्याने टाकलेली, सगळ्या एकाच चिठ्ठीची वाट पाहत बसतात. आणि शहाणपण, माझ्या मते, पुष्कळदा याच बायांकडे असते.

पहिलटकरीण म्हणून मी माहेरी निघाले ती मूर्तिजापुराहून शकुंतला गाडीने. मूर्तिजापूर ते अचलपूर हा सुमारे ७६ किलोमीटरचा अरुंद रुळांचा मार्ग. कापसाच्या वाहतुकीसाठी इंग्रजी अमदानीत टाकलेला. १९९४ पर्यंत तेथे वाफेचे इंजिन चालत असे, आणि गती अशी, की भरल्या पायांच्या बाईला त्याहून सुखकर वाहन मिळणे कठीण. त्या डब्यात माझ्यासारख्याच आणखी दोघी होत्या, एक अंजनगावकडे जाणारी. कण्वाश्रमातली शकुंतला गर्भवती असता सासरी निघाली आणि तेथे तिची ओळखच नाकारली गेली; आमच्या लोकांनी मात्र त्याच नावाच्या गाडीत लेकींना उलट दिशेने, माहेराकडे नेले. कोणी ठरवून केले नसेल, पण मला त्यात वऱ्हाडाचा व्यवहारीपणा दिसतो. प्रवासभर आम्ही तिघी बोललो. काय बोललो ते कोणत्याही ग्रंथात घालण्याजोगे नव्हते: टाचांना पडलेल्या भेगा, जळजळ, झोप, आणि कोणाची आई दाई बोलावण्याच्या मताची आहे व कोणाची दवाखान्याच्या.

दाईचा विषय निघाला म्हणजे आजही माझ्या अंगावर काटा येतो. कुशल दाया होत्या, त्यांचे हात ईश्वरी होते, हे खोटे नाही. पण विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापल्यावर आठवड्याच्या आत धनुर्वाताने गेलेली बाळे आमच्या गावाने पाहिली होती, आणि त्यांचा दोष सटवाईच्या लेखावर घालून लोक मोकळे होत. माझ्या सुनेच्या वेळी अमरावतीस डफरीनमध्ये मी सोबत जात असे. तेथेही एक महिनाभर पुढची भेटलीच. “सुई घेतल्यावर दंड दोन दिवस ठणकते, पन सोडू नोका,” असे ती सुनेला सांगत होती. २०१५ साली भारतातून माता व नवजातांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले, ते वाचताना लशीचे श्रेय मी मनोमन मान्य केले, आणि दंडाच्या ठणक्याची आगाऊ वर्दी देणाऱ्यांचेही.

अलीकडे मेळघाटात एका परिचितांसह गेले असता एका आरोग्य केंद्राच्या आवारातील माहेरघर पाहिले. पावसाळ्यात नाले भरले म्हणजे वाट बंद होते, म्हणून दूरच्या गावच्या गर्भवतींनी दिवस भरण्याच्या थोडे आधी येऊन तेथे राहावे, सोबत घरचे माणूस व लहान मूलही आणावे, अशी ही सरकारी योजना. सरकारने तिला माहेराचे नाव दिले ते योग्यच केले. तेथे दोघी कोरकू स्त्रिया बसल्या होत्या. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नव्हे, त्यामुळे मला एक शब्द कळेना. नर्सबाईंनी सांगितले, की आधी आलेली नव्या आलेलीला रात्री कोणाला हाक मारावयाची ते समजावीत आहे. गुरे, चूल, मागे राहिलेली पोरे सोडून येण्यास बाया नाखूष असतात. पण गावातली एखादी राहून सुखरूप परतली की तिच्या शब्दावर दुसरी येते, असेही त्या म्हणाल्या. आशाताईंच्या पायपिटीचा यात मोठा वाटा आहे, हे नमूद केले पाहिजे.

आता मी अमरावतीस राहते आणि वयामुळे लोक मला अनुभवी समजतात. मागच्या महिन्यात आमच्याच इमारतीतील एक नवी सून, पाचवा लागलेली, मोठ्या आदराने येऊन बसली आणि विचारू लागली. मी तिला सुंठीचे पाणी दिले व वरच्या मजल्यावरच्या देशमुखांच्या सुनेकडे पाठविले. तिला सहावा आहे. तासाभराने ती उतरली. विचारावयाचे जे होते ते दोघीही विसरल्या होत्या, पण डाव्या कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी एवढे मात्र ती शिकून आली होती, आणि उद्या पुन्हा जायचे ठरले आहे म्हणाली.