वादळाचे शब्द

माझी भाची सहावीत आहे. तिला शाळेसाठी हवामानाचे वीस शब्द अर्थासह लिहून न्यायचे होते, आणि मराठीचा विषय निघाला की घरात सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. बसलो दोघी वही घेऊन. वावटळ, वळीव, गारपीट, ढगफुटी... इथवर गाडी भराभर गेली. मग तिने विचारलं, "वादळ आणि चक्रीवादळ यात फरक काय?"

"गोल फिरतं ते चक्री" एवढ्यावर काही भागलं नाही. मग शोधाशोध. तेव्हा कळलं की इंग्रजीतला 'सायक्लोन' हा शब्द चक्क कलकत्त्याचा! हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थाने १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो मांडला, सापाच्या वेटोळ्यावरून. आपलं हवामान खातं वाऱ्याच्या वेगावरून पायऱ्या ठरवतं. ताशी ६२ किलोमीटरपासून चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र. त्याआधीची पायरी डिप्रेशन. ("म्हणजे आधी त्याला डिप्रेशन येतं?" इति भाची.)

मी मात्र 'तीव्र' या शब्दापाशी अडले.

जून २०२० मधलं 'निसर्ग' हे तीव्र चक्रीवादळ होतं. पायऱ्या बघाल तर मधलीच. माझी मावशी श्रीवर्धनजवळच्या गावात राहते. घरामागे माड-पोफळींची वाडी. २ जूनच्या संध्याकाळी मी तिला फोनवर बातम्यांतले शब्द जसेच्या तसे वाचून दाखवत होते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते राहू दे गो. फयानाएवढं आहे का, ते सांग."

फयान नोव्हेंबर २००९ मधलं. वादळ मोजायला तिच्याकडे तेवढंच एक माप होतं. ताशी शंभर-एकशेदहा म्हणजे काय, हे तिला कुठून कळावं? एवढ्या वेगाने ती कधी एसटीतूनही गेलेली नाही.

पुढचे काही दिवस फोन लागलाच नाही. लागला तेव्हा ती आधी रडली नाही, मोजत होती. माड किती मुळासकट गेले, पोफळी किती. "मोडल्या नाहीत गो, पिळवटल्या. ओला कपडा पिळतात ना, तशा." भाचीच्या वहीत 'चक्री'समोर मी शेवटी हेच लिहायला लावलं. बाईंना पटेल की नाही कोण जाणे! पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, आणि तेव्हा मावशी सत्तरीत होती. तिने रोपं लावलीच.

बंदरावरच्या बावट्याची भाषा मला यापेक्षा बरी वाटते. 'तीन नंबरचा बावटा लागला' म्हटलं की कोळीवाड्यात कुणाला अर्थ सांगावा लागत नाही. होड्या किनाऱ्याला येतात. हे नंबर अकरापर्यंत जातात, आणि अकराचा अर्थ वाचून माझ्या अंगावर काटा आला. इशारा देणाऱ्या कार्यालयाशी संपर्कच तुटला आहे! पुढे काय, ते तुमचं तुम्ही बघा. त्यामानाने पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे आताशा आम्ही मुंबईकर चहा पिता पिता वाचतो.

मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं. पायऱ्यांच्या हिशेबात ते निसर्गाहून कितीतरी मोठं, पण समुद्रातून गुजरातकडे निघालेलं. (तरी कोकणात पडझड झालीच.) मावशीने फोन उचलताच विचारलं, "निसर्गाएवढं आहे का?" फयान मागे पडलं होतं.

"त्याहून मोठं आहे," मी म्हटलं, "पण तुझ्यापासून लांबून जाणार."

"मग असं मराठीत सांगत जा ना," ती म्हणाली, आणि अंगणातली लाकडं आत घ्यायला गेली.