टक्के कशाचे?

नववीला शेकडेवारी शिकवताना मी फळ्यावर आधी एक जाहिरात लिहिते. ‘५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के.’ वर्ग एका सुरात ओरडतो, “सत्तर!” मग हजाराचा शर्ट घेतो. आधी उरले पाचशे, मग पाचशेचे वीस टक्के म्हणजे शंभर गेले. बिल चारशेचं, सूट साठ टक्के. “बाई, फसवलं की!” असं मागच्या बाकावरून हमखास येतं. दुकानदारानं खोटं काहीच लिहिलेलं नसतं. दुसरे टक्के कशाचे, हे आपण विचारलेलं नसतं.

माझं बरंचसं काम या एका प्रश्नाची सवय लावण्याचं आहे. गुणाकार मोबाइल करतो, बिनचूक करतो. त्याची मला खंत नाही. (पावकी-निमकी गेल्याचं थोडं वाईट वाटतं. पण ती घोकताना रडलेली माणसंही मला माहीत आहेत.)

प्रश्नाची खरी गरज पडते कर्जात. पन्नास हजार रुपये, ‘फ्लॅट १२ टक्के’, वर्षभराचे हप्ते. व्याज ६,००० आणि हप्ता ४,६६७ रुपये. सरळव्याजाच्या सूत्राशी हिशेब जुळतो, मुलं वही मिटतात. मी विचारते, सहा हप्ते फेडल्यावर तुमच्याकडे त्यांचे पन्नास हजार राहिलेत का? मुद्दल तर दर महिन्याला उतरतंय. वर्षभरात सरासरी बाकी अठ्ठावीस हजारांच्या आसपास असते. व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या पन्नास हजारांवर. उतरत्या बाकीवर मोजलं, तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. दुसऱ्या दिवशी काही मुलं आईच्या हप्त्याचे आकडे वहीत उतरवून आणतात. ते मी फळ्यावर घेत नाही, घरचं कर्ज चारचौघांत मांडायचं नसतं. मधल्या सुट्टीत बसून सोडवतो.

ही गोष्ट आजची नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विचारलं होतं, शंभराला महिना पाच, तर सोळाचं वर्षाचं व्याज किती? उत्तर ९.६. मुलं ते पटकन काढतात. हा दर वर्षाला साठ टक्के पडतो, हे मात्र बोट ठेवून दाखवावं लागतं. सावकार आजही दर महिन्याचाच सांगतो.

आमच्या पुस्तकात अर्थनियोजनाचं प्रकरण आहे आणि ते चांगलं आहे. पण परीक्षा सूत्रात आकडे भरण्याची होते, प्रश्न विचारण्याला गुण नसतात. हे मला चुकीचं वाटतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना नव्या किरकोळ कर्जासोबत एक माहितीपत्रक द्यावंच लागतं. शुल्कांसकट पडणारा वार्षिक दर त्यात छापलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागून घ्या, आणि घरात नववीतलं मूल असेल तर आधी त्याच्या हातात द्या.