मातृभाषेचा रकाना

केंद्र शासनाच्या सेवेतील बदल्यांमुळे माझी बहुतेक वर्षे महाराष्ट्राबाहेर गेली. दिवसभर इंग्रजीत वा हिंदीत टिपण्या लिहायच्या आणि रात्री मराठीत स्वतःचे काही, हा क्रम वीसेक वर्षे चालू आहे. हा खटाटोप कशासाठी, असे सहकारी विचारतात.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे ८.३० कोटी होते. त्यांपैकी सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेरचे. आकडा सुखावणारा आहे. परंतु प्रगणकाने मातृभाषा विचारली, साक्षरता नोंदवली. मातृभाषा वाचता येते का, हे विचारले नाही. माझी मुलगी घरी अस्खलित मराठी बोलते. तिचे शालेय शिक्षण मात्र चेन्नईत, इंग्रजी व तमिळमध्ये झाले. देवनागरी वाचताना ती अडखळते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तिथल्या मराठी घरांत बोली आजही टिकून आहे; तो लेख वाचू शकणारे मात्र विरळा.

अर्थशास्त्र साठा आणि प्रवाह यांत भेद करते. जनगणना भाषेचा साठा मोजते. लेखन-वाचन हा प्रवाह आहे. तो थांबला तरी साठ्याचा आकडा काही पिढ्या तसाच दिसत राहतो. माझे रात्रीचे लिहिणे या प्रवाहासाठी आहे.

हल्ली मुलगी माझे जुने लेखन मोठ्याने वाचते. जोडाक्षरापाशी थांबते, अर्थ विचारते, पुढे जाते. एका पानाला अर्धा तास लागतो.