थांब हं, बाबा

रात्रीचे सव्वाअकरा. माझी अडीच वर्षांची लेक गादीवर उड्या मारतेय. पाणी दोनदा पिऊन झालंय, शू एकदा खरी आणि एकदा खोटी झालीय. आता तिला अचानक आठवलंय की तिचा हत्ती बाहेरच्या खोलीत एकटाच आहे. मला सकाळी सातची लोकल पकडायचीय. शेवटी मी ओरडलो. ती रडत रडतच झोपली आणि मी मात्र कितीतरी वेळ छताकडे बघत पडलो.

काही महिने आमच्याकडे रोज हेच चाललं होतं. आई म्हणायची, "अति दमलीय रे ती, म्हणून उधळलीय." मला पटायचं नाही. दमलेलं माणूस झोपेल ना? पण लहान मुलांचं खरंच उलटं असतं. झोपेची वेळ टळली की शरीर जागं ठेवणारी संप्रेरकं सोडतं आणि पेंगुळलेलं पोर एकदम तरतरीत होतं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप सांगते. आमचं गणित दहाच्याही आतच अडकायचं.

एका रात्री चिऊकाऊची गोष्ट सांगत होतो. बाहेर पाऊस, काऊ दार वाजवतोय आणि चिऊ आतून एकेक कारण सांगून त्याला थांबवतेय. लेक मध्येच म्हणाली, "बाबा पण थांब म्हणतो."

खरंच होतं. डोंबिवलीला घरी पोचायलाच मला साडेआठ होतात. मग थांब, हातपाय धुऊ दे. थांब, जेवतोय. थांब, ऑफिसचा फोन आहे. सगळं उरकून मी तिच्या वाट्याला यायचो, तो थेट दिवा मालवायला. दिवसभरानंतर बाबा हाती लागला, की लगेच डोळे मिटायचे? पाणी, शू, हत्ती... तिला मला धरून ठेवायचं होतं.

आता घरात शिरलो की फोन स्वयंपाकघरात फडताळावर जातो. आधी वीस मिनिटं जमिनीवर बसून तिच्याशी खेळ, जेवण नंतर. साडेनऊला मोठे दिवे बंद. दूध, दात, शू, एक गोष्ट, हा क्रम रोज तोच. पाणी आणि हत्ती आधीच उशाशी. "झोपतेस का?" असं विचारत नाही. "लाल गोधडी की आजीच्या साडीची?" एवढंच विचारतो. दुपारी आई तिला साडेतीनच्या पुढे झोपू देत नाही.

जादू झाली नाही. आठवड्यातून एखाद्या रात्री अजूनही हत्तीला भूक लागते. पण बहुतेक वेळा दहाच्या आसपास डोळे जड होतात.

काल चिऊने दार उघडायच्या आधीच ती झोपली. माझ्या शर्टाचं बटण तिच्या मुठीत होतं. स्वयंपाकघरात फोन वाजला, वाजून थांबला. मी तसाच पडून राहिलो.