पाहुणा फलंदाज

न्यू जर्सीतल्या आमच्या मावसभावाला तिकडच्या फुटबॉलचं भारी वेड. म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा तो. फोनवर पाऊसपाणी, धानाचं पीक वगैरे बोलून झालं की गडी जेट्स नावाच्या आपल्या संघावर येतो. त्या खेळात क्वार्टरबॅक म्हणून एक जण असतो, प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. 2020 साली टॉम ब्रेडी नावाचा चाळिशी ओलांडलेला क्वार्टरबॅक टँपा बे संघात गेला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांना सुपर बोल जिंकून दिला. जेट्सने 2023 मध्ये 39 वर्षांचा एरन रॉजर्स आणला. तो पहिल्याच सामन्यात, चौथ्याच चालीला पायाची शीर तुटून मोसमभर घरी बसला!

तर भावाचा नेहमीचा प्रश्न असा, की संघाची चढाई लंगडी असेल तर बाहेरचा अनुभवी माणूस आणावा, की घरचीच पोट्टी घडवावीत?

मी म्हटलं, अरे, ह्या प्रश्नाचं उत्तर न्यू जर्सीत कशाला शोधतोस? आपल्या विदर्भात शोध ना.

विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं त्याने अंतिम फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. आम्ही गोंदियाकर तर नागपूरच्याही पलीकडे, छत्तीसगडच्या वेशीवर. रणजीतला विदर्भ म्हणजे पेपरातल्या शेवटच्या पानावरची दोन ओळींची बातमी. अशा संघात 2015-16 च्या मोसमात वसीम जाफर आला. मुंबईचा जाफर, 31 कसोट्या खेळलेला, वेस्ट इंडिज आणि पाकिस्तानविरुद्ध द्विशतकं केलेला, कर्णधार म्हणून मुंबईला दोनदा रणजी जिंकून देणारा. वय अडतीसच्या घरात. तेव्हा पानठेल्यावरची चर्चा ठरलेली होती, 'मुंबईला नको झाला म्हणून आपल्याकडे आला.'

पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे, तरी आकडे पुन्हा बघण्यासारखे आहेत. 2017-18 च्या मोसमात प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल. कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकला 198 धावा हव्या होत्या, ते 192 वर आटोपले. पाच धावांनी सामना आपला. मग इंदूरला अंतिम सामन्यात दिल्ली. रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि 1 जानेवारी 2018 रोजी विजयाचा फटका मारला तो जाफरनेच.

आता गंमत बघा. त्या मोसमात विदर्भाच्या सर्वांत जास्त धावा जाफरच्या नव्हत्याच. फझलने 912 केल्या, संजय रामस्वामीने 775. पाहुणा त्यांच्या मागे! मग त्याने केलं काय?

मला वाटतं, ह्याचं उत्तर धावफलकात सापडत नाही. चार-पाच दिवसांच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी म्हणजे निव्वळ फटके नव्हेत. नवा चेंडू सोडून द्यायचा, गोलंदाजाला तिसऱ्या स्पेलपर्यंत थकवायचं, चहापानानंतरच्या तासात विकेट फेकायची नाही. हे पुस्तकात वाचून येत नाही. तिसऱ्या क्रमांकावर जाफर पॅड बांधून बसलाय म्हटल्यावर सलामीच्या दोघांच्या छातीवरचं ओझं कमी होतं. समोरच्या कर्णधारालाही क्षेत्ररक्षण लावताना त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

आमच्याकडे रोवणीच्या वेळी हे मी पाहिलंय. ओळीत एक जुनी जाणती बाई असली की बाकीच्या आपोआप तिच्या हातासोबत हात चालवतात. ती कुणाला शिकवत नाही, ओरडत नाही. बांधीत तिचा हात तेवढा एकसारखा चालत असतो. दिवसाच्या शेवटी तिने लावलेली रोपं मोजली तर फार जास्त निघतील असं नाही, पण सगळी बांधी सरळ लागलेली असते.

आणि धावाही केल्याच की त्याने. मार्च 2018 मध्ये इराणी चषकात, चाळिशी पूर्ण झाल्यावर, 286! पुढच्या मोसमात रणजीत 1037 धावा. फेब्रुवारी 2019 मध्ये नागपूरला सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून विदर्भाने सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली. म्हातारा घोडा म्हणणारे पानठेल्यावर गप्प झाले.

इथे गोष्ट संपवता आली असती. पण माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे आणि डावखुरा सलामीवीर आहे. मागच्या महिन्यात त्याने मला विचारलं, "मामा, दोन-तीन जागा बाहेरच्यांना दिल्या तर आपल्या पोट्ट्यांना किती उरतात?"

प्रश्न खरा आहे, त्याला गोड बोलून टाळता येत नाही. गोंदियाच्या मुलाला निवड चाचणीसाठी पहाटे किट घेऊन नागपूरची गाडी धरावी लागते. ताई आणि भाऊजींची रोज रात्री चर्चा चालते, पोराला नागपुरात ठेवायचं का, दहावीचं काय, खोलीभाड्याचं काय. एवढं करून अकरा जणांतल्या जागा आधीच भरलेल्या असतील तर? जाफर ज्या जागेवर खेळला ती जागा कुठल्यातरी विदर्भाच्या मुलाची होती, हे मान्यच करायला हवं. त्या मुलाचं नाव आपल्याला कधी कळणार नाही.

मी भाच्याला झाडीपट्टीच्या नाटकाचं सांगितलं. दिवाळीनंतर मंडईला गावोगाव नाटकं होतात. कंपनी कधी मुंबई-पुण्याचा नट आणते, पोस्टरवर त्याचा फोटो सगळ्यांत मोठा. आपल्या गावचा नट नाराज होतो. पण त्याच रात्री तो विंगेत उभा राहून बघतो, की हा माणूस गर्दी कशी गप्प करतो. पाहुणा सकाळच्या गाडीने जातो. जे बघितलं ते मागे उरतं. अर्थात बघणाऱ्याला डोळे हवेत, आणि कंपनीने त्याला पुढच्या वर्षी मोठी भूमिकाही द्यायला हवी. नाहीतर दर वर्षी फक्त पोस्टर बदलायचं.

विदर्भाने ती भूमिका दिली का? मला वाटतं, दिली. 2023-24 पासून कर्नाटकचा करुण नायर विदर्भाकडून खेळला. 2024-25 च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध नागपूरला विदर्भ 3 बाद 24 होता. तिथून नायर आणि एकवीस वर्षांचा दानिश मालेवार ह्यांनी 215 धावांची भागीदारी केली. नायर 86 वर धावबाद झाला, मालेवारने 153 केल्या. पहिल्या डावातल्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. कर्णधार कोण? तोच अक्षय वाडकर, ज्याने 2018 मध्ये इंदूरला शतक केलं होतं. मोसमात सर्वांत जास्त धावा, 960, कुणाच्या? यश राठोडच्या, तोही आपलाच. पुढच्या मोसमात नायर परत कर्नाटककडे गेला.

म्हणजे पाहुण्याचा खरा हिशेब तो असताना लागत नाही, तो गेल्यावर लागतो. जाफरने मार्च 2020 मध्ये निवृत्ती घेतली, आणि पाच वर्षांनी त्याच्याबरोबर खेळलेला पोरगा चषक उचलत होता. न्यू जर्सीच्या भावाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे एवढा धीर कुणाला आहे?" असो.

भाच्याचं समाधान झालं नाही बरं का. तो म्हणाला, "ठीक आहे मामा, पण मला विंगेत उभं राहायला तरी नागपूरला जावं लागेल ना?" ताईने हे ऐकलं आणि काही न बोलता भाजी चिरत राहिली. निकाल अजून लागायचाय. तुमच्यापैकी कुणी मुलांना खेळासाठी बाहेरगावी ठेवलं असेल तर जरूर कळवा, ताईला वाचून दाखवेन.