एका वेळी एकच लेखणी

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराने तिला दूरवर नाव मिळवून दिले. येथील जुन्या पेढ्यांवर रोजकीर्दीत एका वेळी एकच लेखणी चाले. मुनीमजी लिहीत असताना मालकही वहीला हात लावत नसत. वहीच एक असल्यामुळे हा दंडक कोणाला शिकवावा लागला नाही.

आज आमच्या पेढीची वही क्लाउडवर आहे. धाकटे बंधू शाहूपुरीत, पुतण्या पुण्यात आणि मी पुष्कळदा प्रवासात. तिघेही एकच एक्सेल फाइल उघडतो. गेल्या हंगामात एका वृद्ध शेतकऱ्याने घेतलेली उचल पूर्ण फेडली. बंधूंनी ती जमा नोंदवली. त्याच सुमारास पुतण्याने आपल्या संगणकावर आधीपासून उघडलेल्या प्रतीत गुळाचे भाव भरले. परिणामी फोल्डरमध्ये दोन प्रती झाल्या. एकीत त्या गृहस्थांचे खाते चुकते होते, दुसरीत बाकी दिसत होती. आणि दुसरीवरून त्यांना तगाद्याचा फोन गेला. ते पेढीवर आले, पावती पुढे ठेवली आणि एवढेच म्हणाले, "शेठ, तुमच्या वडलांच्या वेळी असं कधी झालं न्हवतं."

रक्कम लहान होती, तीन पिढ्यांचा विश्वास लहान नव्हता. बंधू आणि पुतण्या, दोघांनीही आपापले काम चोख केले होते. तरी दोन दिवस घरात एकमेकांवर संशय घेतला गेला.

यावर उपाय म्हणजे फाइल लॉक करणे. ज्याला लिहायचे आहे त्याने ती आपल्या नावावर घ्यावी. तोवर इतरांना ती वाचता येते, बदलता येत नाही. शेअरपॉइंटमध्ये यास ‘चेक आउट’ म्हणतात. ड्रॉपबॉक्सच्या व्यावसायिक योजनांतही अशी सोय आहे. गुगल ड्राइव्हचे लॉक निराळे आहे. ते सर्वांचेच लेखन थांबवते, म्हणून पूर्ण झालेला ताळेबंद जपण्यास ते उपयोगी पडते. गुगल शीट्समध्ये अनेकांना एकदम लिहिता येते व बदल लगेच सर्वांना दिसतात. मात्र तेथेही जमा-नावेचे रकाने ठरावीक व्यक्तींसाठी राखून ठेवावेत.

"घरच्या माणसांना कुलूप कशाला?" असे बंधूंनी विचारले. प्रश्न रास्त होता. तिजोरीचे कुलूप परक्यासाठी असते. हे लॉक आपल्याच माणसाच्या श्रमांची राखण करते. आपण लिहिलेला आकडा दुसऱ्याच्या हातून नकळत पुसला जाणार नाही, एवढी हमी ते देते.

मात्र लॉक घेणाऱ्यावर ते सोडण्याचेही कर्तव्य येते. फाइल अडवून कोणी लग्नाला किंवा यात्रेला निघून गेला, तर पेढीचा व्यवहार खोळंबतो. म्हणून आम्ही तीन नियम केले : नोंद संपताच लॉक सोडावे, रात्री दुकान वाढवण्यापूर्वी एकही फाइल अडलेली नाही हे पाहावे, आणि अडलेली फाइल सोडवण्याचा अधिकार घरातील आणखी एका जबाबदार व्यक्तीकडे असावा.

तगादा करण्यापूर्वी पावतीपुस्तकाशी मेळ घालणे हा चौथा नियम मात्र जुनाच आहे. तो वडिलांच्या वहीबरोबर आमच्याकडे आला, आणि कोणत्याही लॉकमुळे त्यातून सुटका होत नाही.